राखीव रकाने आणि कोसळणारे कर्नेल

संगणकावर नित्य काम करणाऱ्या प्रत्येकास केव्हा ना केव्हा एक अनुभव येतोच. कालपर्यंत दोन मिनिटांत पुरे होणारे काम, तीच माहिती व तोच प्रोग्रॅम असताना, आज पाच मिनिटे घेते. काम कोठे अडले ते पाहावे म्हणून आपण यंत्राच्या कामकाजाचा तक्ता उघडतो, तो तेथे प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र असल्याचा निर्वाळा मिळतो. आणि यंत्र जर क्षणभरही रिकामे बसलेले नाही, तर मग हा जादा वेळ गेला कोठे, हा प्रश्न तसाच उरतो.

या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून प्रोसेसरच्या अंतर्भागातच मोजणीची एक व्यवस्था केलेली असते. ती व्यवस्था चालते कशी, आणि तिच्याशी संबंधित एका चुकीच्या आकड्यामुळे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे कर्नेल २०१३ सालापर्यंत कसे कोसळू शकत होते व अखेर ते कसे दुरुस्त करण्यात आले, हे येथे सांगावयाचे आहे. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा तो अंतःस्थ भाग, ज्याच्या हाती स्मृती, प्रोसेसर आणि इतर सर्व यंत्रसामग्रीचा कारभार सोपविलेला असतो. इतर प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. कर्नेल बिघडले तर सगळेच यंत्र जागच्या जागी थांबते.

व्यग्रता आणि प्रतीक्षा

प्रोसेसर व्यग्र आहे असे तो तक्ता सांगतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्या अवधीत प्रोसेसर कोणत्या तरी प्रोग्रॅमच्या स्वाधीन होता; तो प्रोग्रॅम खरोखर बेरीज-वजाबाकी करीत होता, की स्मृतीतून एखादा आकडा येण्याची वाट पाहत तिष्ठत होता, हा भेद त्या टक्केवारीत दिसत नाही. आणि हा भेद क्षुल्लक नाही. तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदास तीन अब्ज ठोके मोजतो. त्याच्या गतीपुढे मुख्य स्मृती अतिशय मंद असल्यामुळे, वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्यासाठी कॅशे नावाची लहान पण शीघ्र स्मृती प्रोसेसरमध्येच बसविलेली असते, आणि तिचे थर असतात. २०११ च्या जानेवारीत इंटेलने बाजारात आणलेल्या सँडी ब्रिज पिढीचे उदाहरण घेतले, तर तिच्या प्रत्येक कोअरपाशी, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करू शकणाऱ्या प्रत्येक घटकापाशी, माहितीसाठी ३२ किलोबाइटचा पहिला थर आणि २५६ किलोबाइटचा दुसरा थर असून, काही मेगाबाइटांचा तिसरा थर सर्व कोअरांत सामाईक असतो. पहिल्या थरातून आकडा मिळण्यास सुमारे चार ठोके लागतात, दुसऱ्यातून बारा, तिसऱ्यातून तिसाच्या आसपास. पण तिन्ही थरांत तो न सापडल्याने मुख्य स्मृतीपर्यंत जावे लागले, तर दीडदोनशे ठोके सहज खर्ची पडतात. आपल्या मंदावलेल्या प्रोग्रॅमचा वेळ बहुधा याच वाटेवर गेलेला असतो.

प्रोसेसरच्या पोटातील मोजणी

ही वाट मोजण्याची सोय इंटेलच्या १९९३ सालच्या पेंटियम प्रोसेसरात होती. परंतु तिचा तपशील गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्यांनाच मिळत असे. टेर्ये मातिसेन या नॉर्वेच्या प्रोग्रॅमरने तो स्वतंत्रपणे शोधून काढला आणि १९९४ च्या जुलै महिन्यात ‘बाइट’ मासिकातून प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे ही मोजणी सर्वांस खुली झाली.

ही मोजणी प्रत्यक्ष करतात ते काउंटर; नेमून दिलेली घटना घडली की काउंटरमधील आकडा वाढतो. सँडी ब्रिजमध्ये, हायपरथ्रेडिंग, म्हणजे एकाच कोअरवर थ्रेड नावाचे आदेशांचे दोन प्रवाह एकाच वेळी चालविण्याची सोय, चालू असता, प्रत्येक थ्रेडच्या वाट्यास असे सात काउंटर येतात. त्यांपैकी तिघांचे काम कायमचे नेमून दिलेले असते आणि उरलेल्या चारांनी काय मोजावे हे आपण ठरवावयाचे असते. हे ठरविण्यासाठी प्रत्येक काउंटरला जोडून एक रजिस्टर असते. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतील, ठराविक बिटांचा, विशिष्ट कामासाठी राखलेला अत्यंत लहान साठा. त्या रजिस्टरात आठ बिटांनी घटनेचा क्रमांक आणि आणखी आठ बिटांनी तिचा पोटभेद लिहिला, की काउंटर ती घटना मोजू लागतो.

मात्र अशा रजिस्टरात लिहिण्याचा अधिकार सामान्य प्रोग्रॅमला नाही. तो फक्त कर्नेलला आहे. म्हणून २००९ च्या सप्टेंबरात आलेल्या लिनक्स २.६.३१ पासून कर्नेलमध्येच ‘पर्फ’ या नावाने ओळखला जाणारा विभाग उघडण्यात आला. सामान्य प्रोग्रॅमने काय मोजावयाचे त्याची मागणी या विभागाकडे दाखल करावी. कर्नेलने ती तपासून, योग्य असल्यास स्वतःच्या अधिकारात रजिस्टरात उतरवावी, आणि मोजणीचे फलित मागणाऱ्यास परत द्यावे, असा हा शिरस्ता आहे. या लेखातील सारे प्रकरण त्या ‘तपासून’ या एका शब्दावर उभे आहे.

पुरवठा कोणी केला?

दुसऱ्या थरातही न सापडलेला आकडा मागण्यासाठी जी विनंती कोअरच्या बाहेर जाते, तिची मोजणी आपल्या आरंभीच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त होय. पण अशी विनंती नुसती मोजून भागत नाही. ती वाचण्यासाठी होती, लिहिण्यासाठी होती, की पुढे लागेल म्हणून आगाऊ माहिती मागविणारी होती; तिचा पुरवठा तिसऱ्या थराने केला की मुख्य स्मृतीने; आणि त्यासाठी इतर कोअरांच्या कॅशेत चौकशी करावी लागली किंवा काय, हे तिन्ही सांगता आले तरच मोजणीला अर्थ येतो. इतका तपशील सोळा बिटांत मावणे अशक्य असल्याने इंटेलने या एका घटनेसाठी दोन जादा रजिस्टरे दिली. सँडी ब्रिजमध्ये त्यांचे क्रमांक ४२२ आणि ४२३ असे आहेत.

यांपैकी प्रत्येक रजिस्टराचे ३८ बिट आपल्या कामाचे. त्यांची गणना शून्यापासून करतात. ० ते ११ आणि १५ हे बिट विनंतीची जात सांगतात. १६ ते २२ पुरवठा कोणाकडून झाला ते सांगतात. ३१ ते ३७ इतर कॅशेंतील चौकशीचा वृत्तांत सांगतात. उरलेले १२ ते १४ आणि २३ ते ३० हे अकरा बिट राखीव आहेत, म्हणजे त्यांना कोणताही अर्थ दिलेला नाही आणि त्यांत शून्याखेरीज काहीही लिहिण्यास प्रोसेसरचा मज्जाव आहे.

ज्याचा प्रोग्रॅम मंदावला आहे त्याने यांपैकी योग्य ते बिट निवडले, आणि बहुतेक विनंत्यांचा पुरवठा मुख्य स्मृतीने केला असे मोजणीत निघाले, तर आपली माहिती कॅशेत मावेल अशा रीतीने मांडली पाहिजे, हे त्याला तेथल्या तेथे कळते.

अर्जाचा नमुना

कचेरीतील एखादा छापील अर्ज डोळ्यांपुढे आणावा. त्यात नाव, गाव, प्रयोजन यांसाठी रकाने असतात, आणि अधूनमधून ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असे छापलेले रकाने असतात, जे अर्जदाराने कोरेच ठेवावयाचे असतात. असे शेकडो अर्ज झटपट तपासता यावेत म्हणून एखाद्या दक्ष कारकुनाने जाड पुठ्ठा घेऊन, अर्जदाराने भरावयाच्या रकान्यांपुरत्याच खिडक्या त्यात कापल्या, आणि पुठ्ठा अर्जावर ठेवून, खिडकीबाहेर झाकल्या गेलेल्या जागेत कोठे शाई आहे काय एवढेच पाहिले, तर अर्जातील एक अक्षरही न वाचता गैर अर्ज त्याला वेगळे काढता येतील.

कर्नेलमधील तपासणी नेमकी हीच आहे. तिच्यातील पुठ्ठ्यास मास्क म्हणतात. तोही ० आणि १ यांचाच बनलेला एक आकडा असतो. १ म्हणजे खिडकी, ० म्हणजे झाकलेली जागा. मागणीत आलेला आकडा मास्कशी ताडून, जेथे मास्कमध्ये ० आहे तेथे मागणीत १ आढळला, तर कर्नेल ‘अवैध मागणी’ असा शेरा मारून ती परत करते. प्रोग्रॅमच्या भाषेत हे काम एका ओळीत उरकते, आणि ती ओळ पहिल्यापासून निर्दोष होती. दोष पुठ्ठ्यात होता. सँडी ब्रिजसाठी, आणि तिच्यामागून २०१२ साली आलेल्या आयव्ही ब्रिजसाठी, ठेवलेल्या मास्कमध्ये ३८ च्या ३८ जागा उघड्या होत्या. अडतिसाव्या रकान्यापलीकडे कोणी काही लिहिले, तर ते पकडले जाई. मधल्या अकरा राखीव रकान्यांत लिहिले, तर ती मागणी बिनदिक्कत मंजूर होई.

एका बिटाचा प्रवास

समजा, एखाद्या प्रोग्रॅमने, हेतुतः म्हणा वा नजरचुकीने म्हणा, क्रमांक १२ च्या बिटात १ लिहून मागणी दाखल केली. मास्कला ती आक्षेपार्ह वाटत नाही. मागणी मंजूर होते, काउंटर नेमला जातो, आणि मोजावयाचा प्रोग्रॅम प्रोसेसरवर चढविण्याची वेळ येताच कर्नेल तो आकडा ४२२ क्रमांकाच्या रजिस्टरात लिहिण्याचा आदेश देते. येथवर सारे सुरळीत असते. आता प्रोसेसर स्वतःची तपासणी करतो. तिच्यात राखीव बिटात १ आढळला की तो लिहिण्यास साफ नकार देतो आणि चालू काम तोडून तेराव्या क्रमांकाचा अपवाद उपस्थित करतो, ज्यास जनरल प्रोटेक्शन फॉल्ट असे नाव आहे.

असा अपवाद सामान्य प्रोग्रॅमकडून घडला असता, तर कर्नेलने तो प्रोग्रॅम बंद केला असता आणि बाकीचे यंत्र चालू राहिले असते. पण येथे आदेश देणारे कर्नेलच होते. अशा प्रसंगासाठी कर्नेलजवळ एक यादी असते; तिच्यात, जे आदेश फसण्याचा संभव पूर्वीच ओळखलेला आहे त्यांचे पत्ते, आणि तो फसल्यास काम कोठून पुढे चालू करावे याचे पत्ते, नोंदलेले असतात. आपण तपासलेला आकडा रजिस्टर नाकारणार नाही अशी कर्नेलची खात्री असल्यामुळे या आदेशाची नोंद त्या यादीत नव्हती. शिवाय काउंटर चढविले जातात तो क्षण मोठा नाजूक असतो. त्या वेळी बाहेरून येणारे व्यत्यय बंद केलेले असतात आणि इतर कोअरांनी हात घालू नये म्हणून सामाईक नोंदींना कुलपे लावलेली असतात. त्या अवस्थेत काम अर्धवट तुटल्यावर कुलपे उघडणारे कोणी उरत नाही, आणि यंत्र थांबते. ज्याला कोणतेही विशेष अधिकार नाहीत, असा साधा वापरकर्ता अनेकांच्या सामाईक सर्व्हरवर खाते असण्याच्या बळावर सर्वांचे काम बंद पाडू शकत होता. सुरक्षादोषांच्या जागतिक नोंदवहीत या दोषास सीव्हीई-२०१३-२१४६ हा क्रमांक मिळाला.

दुरुस्ती

लिनक्समधील मोजणीच्या क्षेत्रात पूर्वीपासून काम करणारे स्तेफान एरानियन यांनी २०१३ च्या एप्रिलमध्ये ही दुरुस्ती केली. ३७ व्या बिटापासून शून्याव्या बिटापर्यंत, डावीकडून उजवीकडे वाचले असता, आधीच्या मास्कमध्ये अडतीसही जागी १ होता. नवा मास्क असा :

१११११११ ०००००००० ११११११११ ००० ११११११११११११

सत्तावीस खिडक्या, आणि झाकलेल्या अकरा जागा. पण एवढ्याने काम संपत नव्हते. दोन प्रोसेसर जोडून चालणाऱ्या सर्व्हरमध्ये शेजारच्या प्रोसेसरच्या स्मृतीतूनही पुरवठा होऊ शकत असल्यामुळे, २३ ते ३० हे बिट तेथे अर्थपूर्ण ठरतात. घरगुती यंत्राचा मास्क सर्व्हरला लावला असता, तर योग्य मागण्याही परत गेल्या असत्या. म्हणून सर्व्हरसाठी निराळा मास्क तयार करण्यात आला, ज्यात केवळ १२ ते १४ या तीनच जागा झाकलेल्या आहेत. आरंभी यंत्र सुरू होताना कर्नेल प्रोसेसरचा मॉडेल क्रमांक वाचते. सँडी ब्रिजचे घरगुती मॉडेल ४२ आणि सर्व्हरचे ४५. त्यानुसार ज्याचा त्याला मास्क दिला जातो. आयव्ही ब्रिजच्या ५८ आणि ६२ या मॉडेलांबाबतही हीच तजवीज केली गेली.

या दुरुस्तीत तपासणीच्या तर्काला हात लागलेला नाही, हे मला फार बोलके वाटते. प्रोग्रॅममधील दोष म्हटला की आपण विचारांच्या ओघात कोठे तरी गफलत शोधू लागतो. येथे विचार बिनचूक होता आणि त्याला पुरविलेली माहिती मात्र अपुरी होती. कोणता बिट राखीव हे तर्काने काढता येत नाही. ते प्रोसेसरच्या माहितीपुस्तकातील तक्त्यावरून, मॉडेलागणिक, एकेक बिट ताडूनच उतरवावे लागते. आणि या कंटाळवाण्या कामात केलेली कसूर, कोणी तो बिट प्रत्यक्ष लिहीपर्यंत, वर्षानुवर्षे दिसत नाही.

> चौकट : त्याच आवृत्तीतील दुसरी दुरुस्ती
>
> वरील दुरुस्ती लिनक्स ३.८.९ या आवृत्तीत आली; पर्फ विभागातील आणखी एक दोष याच आवृत्तीत दुरुस्त झाला. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१३-२०९४. येथे मोजावयाच्या घटना हार्डवेअरच्या नसून कर्नेलच्या स्वतःच्या होत्या. मागणीतील घटनेचा क्रमांक ६४ बिटांचा असताना तपासणीच्या वेळी तो ३२ बिटांच्या, ऋण संख्याही मावतील अशा जागेत घेतला जाई, आणि तो कमाल क्रमांकाहून लहान आहे एवढेच पाहिले जाई. ऋण संख्या अर्थातच लहान ठरे. मग तिच्या आधाराने कर्नेल नोंदींच्या रांगेबाहेरील स्मृतीत फेरफार करी. मोजणी संपताना तोच क्रमांक पुरे ६४ बिट धरून वाचला जाई, त्यामुळे आवराआवर भलत्याच पत्त्यावर होई. हा दोष २.६.३७ या आवृत्तीपासून होता. २०१३ च्या मे महिन्यात त्याचा लाभ घेऊन सामान्य वापरकर्त्यास यंत्राचे सर्वाधिकार मिळवून देणारा प्रोग्रॅम उघडपणे फिरू लागला. दुरुस्ती एका ओळीची : तपासणीतही क्रमांक ६४ बिटांचा, ऋण नसलेला असाच धरावा.

चुका हुडकणारे प्रोग्रॅम

चौकटीतील दोष ट्रिनिटी नावाच्या प्रोग्रॅमने उजेडात आणला. डेव्ह जोन्स यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम कर्नेलकडे सतत यादृच्छिक, वेड्यावाकड्या मागण्या पाठवितो आणि ते कोठे कोसळते यावर लक्ष ठेवतो. परंतु निव्वळ यादृच्छिक मागणी बहुधा पहिल्याच तपासणीत बाद होते. आतल्या दालनापर्यंत पोहोचावयाचे तर मागणी बहुतांशी योग्य आणि एखाद्याच ठिकाणी अयोग्य असावी लागते. अमेरिकेतील मेन विद्यापीठाचे व्हिन्स वीव्हर यांनी हे ओळखून खास पर्फ विभागासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम रचला, आणि त्याच्या साहाय्याने या विभागातील अनेक दोष उघडकीस आणले. ज्या विभागाला शेकडो मॉडेलांचे बारकावे सांभाळावयाचे आहेत त्याची तपासणी मनुष्याच्या नजरेवर सोडून भागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढची तजवीज

२०१६ साली कर्नेलमध्ये आणखी दोन बदल झाले. पहिल्याने, सामान्य वापरकर्त्यास स्वतःच्या प्रोग्रॅमची मोजणी करण्याची मुभा कायम ठेवून, त्या मोजणीतून कर्नेलचे अंतरंग पाहण्याची मुभा, यंत्राच्या व्यवस्थापकाने मुद्दाम दिल्याखेरीज, काढून घेतली. दुसरा बदल आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. रजिस्टरात लिहिण्याचा आदेश प्रोसेसरने नाकारला तरी कर्नेलने कोसळू नये. रजिस्टराचा क्रमांक आणि लिहावयाचा आकडा यांसह इशारा नोंदवावा आणि पुढे चालावे, अशी व्यवस्था त्याने केली.

या व्यवस्थेमुळे मास्कची गरज संपली असे मात्र कोणी समजू नये. नाकारलेला आकडा रजिस्टरात उतरतच नाही; तेथे पूर्वीचाच आकडा राहतो, आणि काउंटर आपण मागितलेल्या घटनेऐवजी दुसरेच काही मोजीत बसतो. यंत्र थांबले तर निदान सर्वांना कळते. चुकीची मोजणी खरी मानून जो आपल्या प्रोग्रॅमची मांडणी बदलील, त्याचे श्रम कोणाच्या ध्यानातही न येता वाया जातील.

म्हणून लिनक्स वापरणाऱ्या वाचकांस एक विनंती आहे. आपल्या यंत्रावर कर्नेलच्या नोंदी वाचताना ‘अनचेक्ड एमएसआर ॲक्सेस एरर’ हे शब्द दिसले, तर यंत्र चालू आहे ना, असे म्हणून ती ओळ सोडून देऊ नये. तिच्यातील रजिस्टराचा क्रमांक व आकडा, आपल्या प्रोसेसरचे मॉडेल आणि कर्नेलची आवृत्ती, एवढे चार तपशील उतरवून ज्यांच्याकडून कर्नेल घेतले त्यांच्याकडे पाठवावेत; त्या मॉडेलाचा मास्क दुरुस्त करणाऱ्यास सुरुवात करण्यासाठी तेवढे पुरतात.